बेडकांचा हौद आणि चुकीची चिठ्ठी

माले गावच्या एका सुनेवर अन्याय झाला. १९७८ सालच्या ऑगस्टमध्ये, दुसऱ्या गुरुवारी, दुपारी सव्वादोन वाजता, पौडच्या एका खासगी दवाखान्यात. वेळ नक्की आठवते, कारण मी भिंतीवरच्या घड्याळाखालीच उभी होते, हातात ओलं गोणपाट घेऊन. कंपाउंडरने तिच्या सासूला चिठ्ठी मोठ्याने वाचून दाखवली. गर्भ आहे. बाकावर सात-आठ माणसं बसलेली होती. सुनेचा नवरा पलटणीत होता. दिवाळीत सुट्टीवर येऊन गेला, त्यानंतर घरी पाऊल नाही. सुनेला कुणी काही विचारलं नाही, कारण ती तिथे नव्हतीच. फक्त तिची बाटली आली होती. त्याच संध्याकाळी तिची पत्र्याची ट्रंक अंगणात काढून ठेवली गेली.

ती चिठ्ठी खोटी होती. ज्या बेडकांच्या भरवशावर ती लिहिली, त्या बेडकांना रोज मी खाऊ घालत होते. तेव्हा या अन्यायात माझाही हात आहे, आणि तो लपवून बाकीच्यांवर लिहिणं मला जमणार नाही. तिचं नाव मात्र लिहीत नाही. तिचं नाव तेव्हा पुष्कळ लोकांच्या तोंडी झालं, तेवढं पुरे.

बेडकाचा आणि गर्भाचा संबंध काय, हे आधी सांगते. बाईची सकाळची पहिली लघवी सुईने नर बेडकाच्या कातडीखाली टोचायची. तिला दिवस गेले असतील तर तीन-चार तासांत बेडकाच्या लघवीत त्याचं बीज उतरतं. त्यातला एक थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला की ते वळवळताना दिसतं. नसतील दिवस, तर काही दिसत नाही. पुण्यात तोवर दुसऱ्या तपासण्या आल्या होत्या म्हणे. आमच्या डॉक्टरांचा भरवसा बेडकांवर. "बेडूक खोटं बोलत नाही," ते पेशंटला सांगायचे. खरं आहे ते. बेडूक नीट ठेवला असेल तर.

तो ठेवण्याचं काम माझं. मी पौडच्या आमच्या बौद्ध वस्तीतली, अकरावी झालेली, वय एकोणीस. दवाखान्याचा झाडू, काचा धुणं आणि मागचा हौद, एवढं माझ्याकडे होतं. हौद सिमेंटचा, कधीकाळी म्हशींसाठी बांधलेला, कमरेइतका खोल. वर कोंबड्यांची जाळी आणि जाळीवर दगड, नाहीतर धामण शिरायची. आत ओली गोणपाटं, फुटक्या मडक्यांचे अर्धे तुकडे सावलीसाठी, आणि कोपऱ्यात परातभर पाणी. हे बेडूक तळ्यातले गुळगुळीत, उड्या मारणारे नव्हेत. पुस्तकात यांना भेक म्हणतात. पाठ खरबरीत, डोळ्यांमागे जाड गाठी, आणि चालणं असं की पोटभर जेवून निघालेला माणूस.

डॉक्टरांनी पहिल्या दिवशी मला सगळं शिकवलं होतं, हेही लिहायला हवं. गोणपाट कोरडं पडू द्यायचं नाही. टोचलेला बेडूक दोन आठवडे वेगळ्या मडक्यात विश्रांतीला ठेवायचा. आणि हौदात मादी येता कामा नये, कारण मादी दिसली की नराचं बीज आपोआप उतरतं, मग बाईच्या बाटलीला काही अर्थ उरत नाही. नर ओळखायचा कसा? पुढच्या पायाच्या आतल्या बोटांवर काळपट खरबरीत डाग असतो. शिवाय काखेखाली धरला की तो टिर्र टिर्र करतो, अंग थरथरवतो. "मादी गप्प राहते," डॉक्टर म्हणाले, आणि कंपाउंडर हसला. तो का हसला हे मला कळलं. मी हसले नाही.

खाण्याचं मात्र कुणी शिकवलं नाही, ते मी शिकले. डॉक्टरांनी सांगितलं होतं बकऱ्याच्या काळजाचे तुकडे टाक. मी टाकले. दोन दिवस तुकडे तसेच पडून, माश्या बसलेल्या, आणि बेडूक शेजारी उपाशी. तिसऱ्या दिवशी एक झुरळ पळालं आणि चार जिभा एकदम सुटल्या, तेव्हा उजेड पडला. बेडकाला हलणारंच दिसतं. पडून राहिलेलं त्याच्या लेखी नसतंच. मग मी काळजाचा तुकडा दोऱ्याला बांधून त्याच्या डोळ्यांपुढे नाचवायला लागले. गांडुळं, नाकतोडे, पंख फुटलेली वाळवी, सगळं चालायचं. बाजारात मला बेडकीण म्हणत. आईला लाज वाटायची. मला वाटायची नाही, कारण खाताना ते डोळे मिटून घास आत ढकलतात, ते बघायला मला आवडायचं.

त्या पावसाळ्यात आमचे बेडूक मरायला लागले. अंगाने लहान बेडकाला टोचणं सोसत नाही. डॉक्टर म्हणाले, "मोठे आण. दणकट बघून आण." मी दिवेलागणीला एस.टी. स्टँडच्या दिव्याखाली गेले, जिथे पाखरं पडतात आणि बेडूक जमतात, आणि चार उचलले. मूठभर नव्हे, ओंजळभर एकेक. त्यातला सगळ्यात मोठा तर असा फुगून बसलेला की मी त्याला मनातल्या मनात पाटील म्हणू लागले. कुणासमोर म्हटलं नाही. म्हटलं असतं तर वस्तीला निस्तरावं लागलं असतं.

त्या चौघांची बोटं मी पाहिली नाहीत. काखेखाली धरून पाहिलं नाही. त्या आठवड्यात मी घाईत होते. पुण्यात आमचा एक गट होता, मी रविवारी जायचे, आणि आम्ही पत्रक काढत होतो. सायक्लोस्टाइलचं हँडल मी स्वतः फिरवलं. पत्रकाचा विषय होता, घरात बाईला कमी का लेखतात. ती शाई बोटांना असतानाच मी ते चार बेडूक हौदात सोडले, आणि मोठे आहेत म्हणजे नर असणार हे गृहीत धरलं. मोठं ते पुरुषाचं, हे मला कुणी शिकवलं होतं? कुणीच नाही, आणि सगळ्यांनी.

अकरा दिवस ते नरांत राहिले.

गुरुवारी माल्याची सासू पहिल्या गाडीने आली. पदराखाली एरंडेलाची धुतलेली बाटली. तिने मला आधी विचारलं, "हितं बेडकावर बघत्यात ते हेच का?" मी होय म्हटलं. ती म्हणाली, "सून तीन म्हैने बाहेर बसली न्हाई. पोरगा बारडरवर. मला खरं काय ते पायजे." बाहेर बसणं म्हणजे पाळीच्या चार दिवसांत चुलीपासून वेगळं बसणं. ते घरादाराला दिसतं, शेजाऱ्यापाजाऱ्यांना दिसतं, आणि बसली नाही तर तेही दिसतं. सासूने तीन महिने मोजले होते. त्याच तीन महिन्यांत सून लावणीच्या चिखलात दोनदा चक्कर येऊन पडली, ते मात्र तिने मोजलं नव्हतं.

दुपारी चिठ्ठी झाली. म्हातारीला वाचता येत नव्हतं. "दादा, तुमीच वाचा," ती कंपाउंडरला म्हणाली, आणि त्याने वाचली, बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी. म्हातारी खाली बसली. मग उठली, चिठ्ठीची घडी केली, कमरेला खोचली. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

शुक्रवारी सकाळी मी जाळी काढली. परातीच्या पाण्यात काळ्या मण्यांची पोत पडली होती. लांबच लांब, बुळबुळीत, काचेसारख्या दोरीत ओवलेली, गोणपाटाच्या कडेला दोन वेढे घेतलेली. अंडी. आणि पाटलाच्या पाठीवर पिवळ्या गळ्याचा एक छोटा नर असा घट्ट आवळून बसला होता की मला तो सोडवता येईना.

मी पाटलाला काखेखाली धरलं. गप्प. दुसरा मोठा धरला. गप्प. तिसरा गप्प. चौथा तेवढा टिर्र टिर्र बोलला. कालचा टोचलेला बेडूक याच हौदातून उचलला होता. त्याच्या लघवीत जे वळवळलं ते माल्याच्या सुनेमुळे की पाटलामुळे, हे आता देवालाही सांगता आलं नसतं, आणि देवाला विचारायची आमच्या घरची रीत नाही.

डॉक्टर चहा पीत होते.

"डॉक्टर, कालची चिठ्ठी चुकली असेल."

"असेल म्हणजे?"

"हौदात माद्या आहेत. अंडी पडलीत."

ते सपाता घालून मागे आले. बराच वेळ हौदात बघत राहिले. "कुणी टाकल्या?"

"मी. मोठे दिसले म्हणून नर समजले."

"आणि तू बायकांची पत्रकं छापतेस," ते म्हणाले. रागाने नाही, हसत. ते मला रागापेक्षा जास्त लागलं.

मी विचारलं, "टोचायच्या आधी बेडूक तपासला होता का?" हा त्यांचाच नियम होता. आधी एक थेंब बघायचा, बेडूक कोरा आहे ना याची खात्री करायची, मगच सुई.

ते कपाकडे बघत म्हणाले, "गर्दी होती."

"मग आपण दोघं चुकलो. माल्याला सांगायला हवं."

"काय सांगायचं? तिला दिवस असतीलच. सासू उगाच बाटली घेऊन येत नाही."

"असतीलच म्हणजे?" मी म्हटलं.

डॉक्टर वाईट माणूस नव्हते. साप चावलेल्याला ते भर पावसात चिखल तुडवत बघायला गेलेले मी पाहिले आहेत. पण चार लोकांत चूक झाली म्हणणं त्यांना सापापेक्षा अवघड होतं. शेवटी म्हणाले, "तिची नवी बाटली आण. मी परत बघतो. पण बोभाटा नको."

एव्हाना दूधवाल्याने बातमी आणली होती. सुनेला तिच्या भावाने माहेरी, नांदे गावाला, नेलं होतं. मी पिरंगुटपर्यंत एस.टी.ने आणि पुढे लवळ्यावरून चालत नांद्याला गेले. पोचले तेव्हा दुपार कलली होती. घराच्या ओट्यावर तिची भावजय तांदूळ निवडत बसली होती.

"कोन गं तू?"

"पौडच्या दवाखान्यातली."

"डाक्टरीन?"

"न्हाई. बेडकं सांभाळते."

तिने सूप खाली ठेवलं आणि गोठ्याकडे तोंड करून हाक मारली, "वन्सं, या भाईर. तुमच्या बेडकाकडची मानसं आल्यात."

ती गोठ्यातून आली. तिला आत चुलीपाशी घेतलं नव्हतं. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. पापण्या आतून पांढऱ्या पडलेल्या, चालताना एक हात भिंतीला. मी जे झालं ते सगळं सांगितलं, हौद, माद्या, अंडी, मी. तिने मध्ये एकदाही थांबवलं नाही. मग म्हणाली, "बाहेर बसले न्हाई ते खरं हाय. आंगात रगत असंल तर बसंन ना. माझ्या आंगाचं मला ठावं का बेडकाला?"

"तुलाच," मी म्हटलं.

"मंग मला कुनी का न्हाई इचारलं?"



भावजय हळू आवाजात म्हणाली, "उद्या सकाळी नेनार हायेत त्यांला. तिकडं एक म्हातारी हाय, मोकळं करती. एकदा झालं की गप सासरी पोचवायचं, आसं ह्यांचं म्हननं."

ती म्हातारी कशी मोकळं करते ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. झाडाची काडी. त्या काडीने मोकळ्या झालेल्या बायकांतली एक आमच्या वस्तीतली होती, आणि ती परत उठली नाही. मी विचारलं, "आत काही नसलं तर काडी कशात घालणार?" भावजयीने तांदळात बघितलं.

भाऊ शेतावरून आला तो तापलेलाच होता. मला अंगणाच्या कडेलाच थांबवलं. मी कुठली ते त्याने विचारून घेतलं, त्यामुळे पाण्याचा प्रश्न मिटला, मला कुणी पाणी दिलं नाही. त्याने सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "आनि उद्या बेडूक पुन्यांदा व्हय म्हनला तर?"

मला खात्री नव्हती. चिठ्ठी चुकीच्या रीतीने काढली होती एवढंच मला ठाऊक होतं, तिच्या पोटात काय आहे ते नव्हतं. आणि त्या अंगणात उभ्या उभ्या माझ्या ध्यानात आलं की मी पौडपासून एकच गोष्ट मनात घोकत आले होते, ती निर्दोष असू दे. म्हणजे दिवस असते तर ती माझ्याही लेखी दोषी ठरली असती का? सासूचा तराजू घेऊनच मी तिला सोडवायला निघाले होते.

"व्हय म्हनला तरी काडी घालायची न्हाई," मी म्हटलं. "जीव जाईल तिचा. व्हय म्हनला तर सरकारी दवाखान्यात न्यायचं. मी येते संगं."

"तू कोन सांगनार?"

"मी येते पौडाला," ती मागून म्हणाली. भावाकडे न बघता माझ्याकडे बघून. "बाटली देनार न्हाई मी कुनाला. मागली सासूनं नेली, आता ही बी दुसरंच कुनी नेनार. सकाळची बाटली मी माझ्या हातानं घिऊन येते. मंग काय व्हायचं ते हू दे."

भावाने विडी पेटवली. मग म्हणाला, "उद्याच्याला ठरलं तर ठरलं. न्हाईतर दुपारनं म्हातारीकडं."

म्हणजे आम्हाला एक सकाळ मिळाली होती. मी नांद्याच्या आमच्या वस्तीत ओळखीच्यांकडे राहिले. उजाडता आम्ही तिघं निघालो, भाऊ पुढे, आम्ही मागे, बाटली तिच्या हातात.

माझ्याकडे एक बेडूक होता ज्याची मला शपथ घेता आली असती. दोन आठवड्यांपूर्वी टोचून मडक्यात वेगळा ठेवलेला, त्या चार मोठ्यांच्या आधीचा. त्याने मादी पाहिलेली नव्हती. मी त्याची बोटं पाहिली, डाग होते. डॉक्टरांनी आधी एक थेंब घेतला, काचेवर बघितला. कोरा. मी म्हटलं, "परत बघा." त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं, पण बघितलं. कोरा.

"मी धरू का?" तिने विचारलं.

डॉक्टर नको म्हणाले. मी बेडूक तिच्या हातात दिला. तिने तो काखेखाली धरला, मी दाखवलं तसा, आणि तो टिर्र टिर्र करायला लागला.

"का वरडतंय?"

"नर हाय. धरला की बोलतो."

"आनि मादी?"

"गप्प ऱ्हाती."

"तिला शिकवलं असंल कुनी," ती म्हणाली, आणि डॉक्टरांनी सुई टोचली.

मग वाट बघणं. भाऊ पायरीवर विड्या ओढत बसला. आम्ही दोघी मागे हौदापाशी. मी पाटलाला वेगळ्या घमेल्यात ठेवलं होतं. ती वाकून बघत राहिली. "ही व्हय ती?"

"हीच."

"लई फुगलिया."

मी तिला दोऱ्याला बांधलेला काळजाचा तुकडा दिला. तिने तो नाचवला. पाटलाने मान वळवली, जीभ सुटली, डोळे मिटले, घास गेला. तिने दुसरा मागितला. मी सांगितलं, "पाटील म्हनायचे मी हिला." तेव्हा ती हसली, तोंडावर पदर धरून, आणि हसता हसता तिला धाप लागली. मग तिने माझा दंड धरून ठेवला आणि तो सोडला नाही.

साडेदहाला डॉक्टरांनी बघितलं. काही नाही. म्हणाले, अजून वेळ आहे. साडेअकराला पुन्हा. काही नाही. भाऊ उठून रस्त्यावर जाऊन आला. साडेबाराला डॉक्टरांनी दोन काचा केल्या, एक स्वतः बघितली, एक मला बघायला लावली. मी डोळा लावला. नितळ. एखादा बुडबुडा, बाकी काही नाही. बाराच्या बसने आलेल्या लोकांनी बाहेरचा बाक भरत चालला होता. एक वाजता डॉक्टर म्हणाले, "गर्भ नाही. रक्त कमी आहे हिचं. फार कमी."

मला वाटलं सुटलो. भावाने डोळे पुसले. कंपाउंडरने चिठ्ठी लिहिली, मी ती तिच्या हातात दिली. तिने ती मला परत दिली. "वाच." मी वाचली. "मोट्यानं वाच." मी मोठ्याने वाचली. तिने दारातून बाहेर बघितलं. आतली खोली, आम्ही चार-पाच जण. "त्या दिशी किती मानसं हुती?"

"सात-आठ."

"हीच का?"

नव्हती.

तिचा सवाल पुरता कळायला मला माल्याला जावं लागलं. त्याच दुपारी आम्ही गेलो. सासू उंबऱ्यात उभी राहिली, ट्रंक जिथे ठेवली होती तिथेच अंगणात होती, वर कुणीतरी पोतं टाकलेलं. मी चिठ्ठी वाचली. हौदाचं सांगितलं. म्हातारीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"परवा व्हय म्हनला, आज न्हाई म्हनतोय. बेडूक हाय का सरपंच?"

भाऊ पुढे झाला, मी त्याला अडवलं. म्हातारी माझ्याशी बोलत होती, आणि तिचा आवाज आता बदलला होता. "पोरी, आज तू म्हनतीस ते खरं असंल. पर परवाची चिठ्ठी समद्या मुळशीनं ऐकली. येष्टीत माझ्या आदी ती माल्यात पोचली. ही चिठ्ठी कुनी ऐकली? मी हिला घरात घेतली तर लोक म्हनतील म्हातारीनं झाकलं. माझ्या ल्येकाला कागद लिवनारे लई हायेत."

मला तिचा संताप आला होता, अजूनही येतो. पण ती खोटं बोलत नव्हती.

मी डॉक्टरांकडे गेले. म्हटलं, आठवडे बाजाराच्या दिवशी पायरीवर उभं राहून सांगा की चिठ्ठी चुकली. ते म्हणाले, "एकदा असं सांगितलं तर परत कोण विश्वास ठेवेल?" मी म्हटलं, ठेवू नये. ते म्हणाले, "तुला कामावर राहायचं असेल तर हा विषय इथे संपला."

बाजाराच्या दिवशी अकरा वाजता मी दवाखान्याच्या पायरीवर उभी राहिले. हातात घमेलं होतं, त्यात पाटील. ती नांद्याहून आली होती, माझ्या शेजारी उभी राहिली. तिला मी ये म्हटलं नव्हतं. मी सांगितलं की मी बेडकं सांभाळते, मी माद्या नरांत टाकल्या, टोचायच्या आधी बेडूक तपासला नाही, माल्याची चिठ्ठी चुकीची निघाली, दुसरी तपासणी नीट झाली आणि गर्भ नाही. लोक जमले. कुणीतरी ओरडलं, "आता बेडकिनीचं भाषान." हशा झाला. घमेल्यात बघायला माणसं एकमेकांवर रेलली. मला वाटलं, गेलं सगळं, तमाशा झाला.

तेवढ्यात मेथीच्या जुड्या घेऊन बसलेल्या एका माणसाने विचारलं, "ती बेडकी कवापासनं हुती आत?"

"अकरा दिवस."

"मंग माझ्या भनीची चिठ्ठी त्यातलीच," तो म्हणाला.

हशा बंद झाला. मला ते सुचलंच नव्हतं. एका सुनेमागे धावताना मी बाकीचे दहा दिवस विसरले होते. डॉक्टर दारात आले होते. त्या माणसाने त्यांना विचारलं, कोणाकोणाला चिठ्ठ्या गेल्या. डॉक्टरांनी कंपाउंडरकडे पाहिलं. चिठ्ठ्यांची नोंद कुणी ठेवलेली नव्हती. डॉक्टर म्हणाले, "ज्याला शंका असेल त्याने बाईला घेऊन यावं. मी परत तपासतो." एवढंच. पण पायरीवरून, सगळ्यांच्या समोर.

आठ दिवसांनी सासू नांद्याला गेली. सुनेला घेऊन माल्यात शिरताना तिच्या भावाने दिलेलं गाठोडं सासूच्या डोक्यावर होतं, असं लोक सांगतात. मी पाहिलं नाही. माझं काम तोवर सुटलं होतं. निघताना हौदातले, माद्यांत राहिलेले बेडूक मी पोत्यात भरून नदीकाठच्या खाचरात सोडले. पाटील शेवटी गेली, सावकाश, मागे न बघता. सुनेला लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि दिवाळीच्या सुमाराला मला दूधवाल्याबरोबर निरोप आला: बाहेर बसले म्हणून सांग बेडकाच्या बाईला.

बाजारातल्या त्या माणसाची बहीण परत तपासायला आली नाही. तिचं काय झालं ते मी विचारत फिरले. तिच्या गावात कुणी सांगेना. आज सात वर्षं झाली. अकरा दिवसांतल्या आणखी कोणाकोणाच्या चिठ्ठ्या कुणाच्या कमरेला खोचून कुठे गेल्या, मला माहीत नाही.

तुम्ही मुळशीतले असाल, आणि त्या ऑगस्टातली पौडची चिठ्ठी तुमच्या घरात कुठे ट्रंकेत, फोटोमागे, पंचांगात दडपून ठेवलेली असेल, तर आज ती काढा. जिच्याबद्दल ती लिहिली आहे तिच्या हातात द्या. ती आता जिथे कुठे राहते तिथे जाऊन द्या. आणि ज्या माणसांसमोर ती वाचली होती, त्यांना परत गोळा करा आणि त्यांच्यासमोर तिला पहिल्यांदा विचारा, तुझं काय म्हणणं होतं. मग खाली बसा, आणि तिचं बोलून होईपर्यंत उठू नका.